ड्रोनच्या बोर्डावर स्कूटरचं चाक: बी-जी४३१बी-ईएससी१ प्रयोगशाळेत कसा चालतो

एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा बी-जी४३१बी-ईएससी१ हा बोर्ड मुळात ड्रोनचे पंखे फिरवण्यासाठी केलेला आहे. तरीही नियंत्रण प्रणाली आणि विद्युत वाहनं हे विषय शिकवणाऱ्या किंवा त्यांत संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेने पहिला इन्व्हर्टर (डीसीपासून मोटरसाठी तीन फेजचा एसी बनवणारं सर्किट) म्हणून तोच घ्यावा, असं आमचं मत आहे. स्कूटरच्या इन्व्हर्टरमध्ये जे असतं ते सगळं या तळहाताहून लहान पाटीवर आहे: तीन फेजचा ब्रिज, तिन्ही फेजच्या करंटचं मापन, बसचं, म्हणजे डीसी पुरवठ्याचं व्होल्टेज आणि तापमानाचं मापन, हॉल सेन्सर किंवा एन्कोडर (रोटरची स्थिती सांगणारे सेन्सर) यांच्या जागा आणि कॅन बस (वाहनातल्या भागांमधली संदेशवाहिनी). सर्किटचा आराखडा कंपनीने खुला ठेवला आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला काही गृहीत धरावं लागत नाही. व्होल्टेज कमी असल्याने चूक झालीच तर बोर्ड जळतो, माणसाला झटका बसत नाही. मात्र बोर्ड पेटीतून काढून थेट चाकाला जोडला तर निराशा होईल. त्याच्याभोवती काय उभं करावं लागतं, तेच या समीक्षेत जास्त आहे.

बोर्डावरचा एसटीएम३२जी४३१ हा कॉर्टेक्स-एम४ मायक्रोकंट्रोलर १७० मेगाहर्ट्झवर चालतो. पीडब्ल्यूएम (मॉसफेट हे विद्युत स्विच चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवण्याची पद्धत) २० किलोहर्ट्झ ठेवलं तर दर चक्राला ८५०० क्लॉक हाताशी येतात. करंट वाचणं, क्लार्क आणि पार्क रूपांतरं (तीन फेजचे करंट रोटरसोबत फिरणाऱ्या डी आणि क्यू अक्षांवर आणणारी), दोन पीआय (चूक आणि तिची साठत जाणारी बेरीज पाहणारे कंट्रोलर), उलटं रूपांतर आणि स्पेस व्हेक्टर मॉड्युलेशन (हवं ते व्होल्टेज तिन्ही फेजच्या स्विचिंगमध्ये वाटणं) हे सगळं साध्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये लिहिलं तरी त्यात बसतं. साइन-कोसाइनसाठी कॉर्डिक हा वेगळा भाग चिपमध्ये आहे. ऑप-अँप (सिग्नल वाढवणारे) आणि कंपॅरेटरही (दोन व्होल्टेजांची तुलना करणारे) आतच आहेत. कंपॅरेटरचं आउटपुट टायमरच्या ब्रेक इनपुटला आतून जोडून दिलं की करंट मर्यादेबाहेर जाताच सहाही मॉसफेट बंद होतात, कोड कुठे अडकला आहे याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. संरक्षण सॉफ्टवेअरवर का सोडायचं नाही, हे यातून एका तासात समजतं.

पॉवरच्या बाजूला ६० व्होल्टचे मॉसफेट आणि एल६३८७ गेट ड्रायव्हर (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या चिपा) आहेत. पुरवठा ३ ते ६ लिथियम-पॉलिमर सेलचा, म्हणजे जास्तीत जास्त २५.२ व्होल्ट. करंट ४० अँपिअर लिहिलेला असतो, पण तो शिखराचा आकडा आहे. ड्रोनवर पंख्याचा वारा सतत लागतो, बाकावर लागत नाही, आणि बोर्डाला हीटसिंक नाही. तापमानाचं मापन चालू ठेवा आणि बाकावर १० अँपिअर शिखर ही मर्यादा धरा. अभ्यासक्रमातला कुठलाही प्रयोग त्यात होतो.

आता या बोर्डाचा सगळ्यात जाणवणारा तोटा. करंटचे शंट (करंट मोजायचे छोटे रेझिस्टर) ३ मिलिओहमचे आहेत आणि ऑप-अँपच्या जाळ्याचा एकूण गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) साधारण ९.१४ येतो. म्हणजे अँपिअरमागे २७.४ मिलिव्होल्ट. १२ बिटांच्या एडीसीवर (व्होल्टेजचा अंक करणाऱ्या भागावर) एक काउंट जवळपास २९ मिलिअँपिअरचा होतो. ड्रोनच्या मोटरला हे चालतं. पण हातात मावणारी, अर्ध्या अँपिअरवर फिरणारी मोटर जोडली तर पूर्ण सिग्नल १७ काउंटांत संपतो, त्यात दोन-तीन काउंटांचा गोंगाट, आणि मग पीआय कितीही नेटका असला तरी करंटचा आलेख करवतीसारखा दिसतो. अनेक ठिकाणी याचं खापर कंट्रोलरवर फोडलं जातं आणि विद्यार्थी तासन्‌तास गेन बदलत बसतात. उपाय सोपा आहे: लहान मोटर घेऊच नका. किक-स्कूटरची ३६ व्होल्टची हब मोटर (चाकातच बसवलेली) २२ व्होल्टवर चालवा. वेग कमी मिळेल, पण टॉर्क पुरेसा येतो आणि करंट मोजण्याजोगा असतो. पुढचे आकडे अशाच एका मोटरचे धरले आहेत: १५ पोल जोड्या (चुंबकीय ध्रुवांच्या), फेजचा रेझिस्टन्स ०.२ ओहम, इंडक्टन्स ०.३ मिलिहेन्री.

जोडणी करताना पहिली गोष्ट कपॅसिटरची. बोर्डावरचे कपॅसिटर लांब तारांसाठी पुरत नाहीत. पुरवठ्याची तार अर्ध्या मीटरहून लांब असेल तर १००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कमी ईएसआरचा (आतल्या रेझिस्टन्सचा) कपॅसिटर बोर्डाच्या पॅडपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सोल्डर करा. तारांच्या इंडक्टन्समुळे दर स्विचिंगला बसवर येणारे काटे त्यानेच दबतात. बोर्डाला कनेक्टर नाहीत, फक्त पॅड आहेत. जाड तार थेट पॅडला लावून रोज हलवली तर पॅड उखडतो. तारा आधी एका ॲक्रिलिकच्या पाटीवर क्लिपने घट्ट बांधा आणि बोर्डापर्यंतचा शेवटचा तुकडा मऊ सिलिकॉन तारेचा ठेवा. एसटी-लिंकचा (यूएसबीवरून कोड भरणाऱ्या डीबगरचा) भाग मूळ बोर्डाला जोडूनच येतो आणि तोडून वेगळा करता येतो. प्रयोगशाळेत तो तोडू नका. पण एक लक्षात ठेवा: त्या यूएसबीची ग्राउंड आणि पॉवरची ग्राउंड एकच आहे. लॅपटॉप चार्जरवर, ऑसिलोस्कोप भिंतीच्या प्लगवर आणि प्रोबची क्लिप चुकून फेजला, अशी सांगड पडली की करंट लॅपटॉपमधून वाट काढतो. यूएसबी आयसोलेटर आणि फेजच्या मापनासाठी डिफरन्शियल प्रोब, या दोन गोष्टी बोर्डाइतक्याच आवश्यक समजा.

मोटरचे आकडे हाताने मोजायला लावा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मोटर प्रोफायलर (मोटरचे आकडे आपोआप मोजणारा) आहे. हलक्या मोटरवर तो कामाचा आहे. चाकासारख्या जड रोटरवर त्याचे अंदाज दर वेळी थोडे वेगळे येतात, आणि आकडा कुठून आला हे विद्यार्थ्याला कळत नाही ते वेगळंच. दोन टर्मिनलांमध्ये मोजलेला रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स हा दोन फेजचा असतो. त्याचं निम्मं केल्याशिवाय सूत्रात घालायचं नाही. ही चूक जवळपास प्रत्येक गटात होते, कारण मीटरवरचा आकडा खरा वाटतो. फ्लक्ससाठी (रोटरच्या चुंबकांच्या प्रवाहासाठी) चाक हाताने फिरवा आणि दोन फेजमधलं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहा. समजा शिखर ते शिखर ६ व्होल्ट आणि वारंवारता २० हर्ट्झ आली. निम्मे ३, भागिले √३ म्हणजे फेजचं शिखर १.७३ व्होल्ट. त्याला १२५.७ रेडियन प्रति सेकंदाने भागलं की फ्लक्स ०.०१३८ वेबर. त्याला पोल जोड्यांनी आणि १.५ने गुणलं की अँपिअरमागे ०.३१ न्यूटन-मीटर टॉर्क. या एका मापनातून २२ व्होल्टवरचा बिनभाराचा वेगही सांगता येतो: फेजला जास्तीत जास्त १२.७ व्होल्ट, म्हणून साधारण ५८७ आरपीएम. पुढे मोटर खरोखर फिरवल्यावर वेग याच्या आसपास आला नाही तर कुठेतरी पोल जोड्या चुकल्या आहेत किंवा हॉलचा कोन सरकला आहे.

करंट लूपच्या बाबतीत हा बोर्ड मनापासून आवडतो. मोटरचा पोल (इथे चुंबकाचा नव्हे, ट्रान्सफर फंक्शनचा) पीआयच्या शून्याने रद्द करायचा, म्हणजे प्रपोर्शनल गेन बँडविड्थ गुणिले इंडक्टन्स आणि इंटिग्रल गेन बँडविड्थ गुणिले रेझिस्टन्स. ५०० हर्ट्झ बँडविड्थ धरली तर पहिला ०.९४ व्होल्ट प्रति अँपिअर, दुसरा ६२८ व्होल्ट प्रति अँपिअर-सेकंद. सॅम्पलिंग आणि पीडब्ल्यूएम मिळून दीड चक्राचा, म्हणजे ७५ मायक्रोसेकंदांचा उशीर धरा. ५०० हर्ट्झला त्याने १३.५ अंश जातात आणि फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी उरलेली सवलत) ७६ अंशांवर राहतं. बँडविड्थ २००० हर्ट्झ केली की ५४ अंश जातात, उरतात ३६, आणि स्टेप दिल्यावर करंट उसळी मारून डोलताना दिसतो. फळ्यावरचा बोडे आलेख आणि ऑसिलोस्कोपवरचा करंट इतके जुळताना दिसणं फार मोलाचं आहे. इंडक्टन्स निम्मा करायला विसरलेला गट इथे आपोआप सापडतो, कारण त्याची बँडविड्थ दुप्पट निघते.

ही चाचणी रोटर जागेवर ठेवून डी अक्षावर (रोटरच्या चुंबकाच्या दिशेत) घ्या. तिथल्या करंटने टॉर्क येत नाही, चाक हलत नाही आणि बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये तयार होणारं व्होल्टेज) मध्ये येत नाही. २ अँपिअरची स्टेप द्या. १० ते ९० टक्के चढायला ०.७ मिलिसेकंद लागले तर हिशेब बरोबर आहे. मग पुरवठा २२वरून १६.५ व्होल्टवर आणून गेन न बदलता तीच चाचणी करा. कोडमध्ये प्रत्यक्ष बस व्होल्टेजने भागायचं राहिलं असेल तर लूपचा गेन तीन चतुर्थांश होतो आणि बँडविड्थ ३७५ हर्ट्झवर घसरते. बॅटरी उतरत जाते तसं वाहनाचं वागणं का बदलतं, याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक दुसरीकडे मिळणं कठीण.

खालच्या बाजूला शंट असल्याने करंट वाचायची वेळ ठरलेली असते: तिन्ही खालचे मॉसफेट चालू असतील त्या अवधीच्या मधोमध. ड्युटी (वरचा मॉसफेट चालू असण्याचा वाटा) ९५ टक्क्यांवर गेली की त्या फेजला ५० मायक्रोसेकंदांतले अडीचच उरतात. डेड टाइम (वरचा-खालचा दोन्ही मॉसफेट बंद ठेवायचा अवधी), ॲम्प्लिफायर स्थिरावणं आणि सॅम्पलिंग त्यात कोंबावं लागतं. अशा वेळी ती फेज सोडून उरलेल्या दोघींवरून तिसरीचा करंट काढायचा. स्वतः कोड लिहिणारे हे विसरतात आणि वेग वाढला की मोटर अचानक खरखरते. शून्याचा ऑफसेटही दर सुरुवातीला मोजा: पीडब्ल्यूएम बंद असताना हजारेक नमुन्यांची सरासरी. गेट ड्रायव्हर बूटस्ट्रॅपवर (खालचा मॉसफेट चालू असताना भरणाऱ्या कपॅसिटरवर) चालतो, म्हणून वरचा मॉसफेट १०० टक्के चालू ठेवता येत नाही. खालचा मधूनमधून चालू झाला नाही तर वरच्याच्या गेटचं व्होल्टेज उतरतं आणि तो अर्धवट चालू राहून तापतो. वरची मर्यादा ९५-९६ टक्क्यांवर बांधून टाका.

डेड टाइमबद्दल थोडं जास्त, कारण मंद वेगावर चाक गचके देण्याचं मूळ तिथेच असतं. डेड टाइम ०.८ मायक्रोसेकंद धरला तर प्रत्येक फेजला ०.३५ व्होल्टची चूक होते, करंटच्या दिशेनुसार तिचं चिन्ह बदलतं. ०.२ ओहमच्या मोटरला ०.३५ व्होल्ट म्हणजे पावणेदोन अँपिअर. विद्युत चक्रात सहा वेळा टॉर्क हेलकावतो. करंटचं चिन्ह पाहून तेवढं व्होल्टेज आधीच मिळवून देणं हा सगळ्यात सोपा इलाज. शून्याजवळ चिन्ह डळमळतं, म्हणून तिथे पायरीऐवजी अर्ध्या अँपिअरच्या पट्ट्यात सरळ उतार द्यावा. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिनाभराचं चांगलं काम यात आहे.

हॉल सेन्सरला ५ व्होल्ट आणि ग्राउंड बोर्डावरूनच मिळतात. हब मोटरमध्ये हॉलच्या बारीक तारा जाड फेज तारांशेजारूनच बाहेर येतात, त्यामुळे गोंगाट ठरलेला. टायमरच्या इनपुटचा डिजिटल फिल्टर चालू ठेवा. क्रम आणि कोन नक्की करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चाक हाताने फिरवून एका फेजचं बॅक ईएमएफ आणि एक हॉल एकत्र पाहणं. कोन ३० अंश चुकला तर टॉर्क ८७ टक्के राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त करंट जास्त लागतो. ६० अंश चुकला तर निम्मा. ९०च्या पुढे गेला तर चाक उलटं सुटतं. चाक जमिनीपासून वर आणि जाळीच्या आत असल्याशिवाय पहिली चाचणी करू नये.

१५ पोल जोड्यांना एका फेऱ्यात हॉलचे ९० बदल येतात. ३०० आरपीएमला सेकंदाला ४५०, ते पुरे. पण ६ आरपीएमला सेकंदाला फक्त ९, म्हणजे दोन बदलांमध्ये १११ मिलिसेकंद. दर मिलिसेकंदाला धावणारा स्पीड लूप तोपर्यंत शंभर वेळा जुनाच आकडा चघळतो आणि इंटिग्रेटर फुगत जातो. मग झटका. इथेच विद्यार्थ्यांना सांगता येतं की वाहनाचं थ्रॉटल सहसा टॉर्क मागतं, वेग नाही. स्पीड लूप चालकाच्या डोक्यात असतो. सेन्सरलेस ऑब्झर्व्हर (सेन्सरशिवाय, बॅक ईएमएफवरून रोटरचा कोन काढणारा कोड) कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो, पंख्यावर छान चालतो. शून्य वेगाला बॅक ईएमएफच नसतं, म्हणून भरलेलं चाक उचलताना त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

ब्रेकिंग हा बोर्ड मारणारा प्रयोग आहे. साधारण ०.०५ किलोग्रॅम-चौरस मीटर जडत्वाचं चाक ३०० आरपीएमवर फिरत असेल तर त्यात जवळपास २५ ज्यूल साठलेले असतात. बाकावरचा पॉवर सप्लाय उलटा करंट घेत नाही. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २२वरून २५.२ व्होल्टपर्यंत चढायला ०.०८ ज्यूल पुरतात. तोटे वजा केले तरी उरलेली ऊर्जा बसला ६० व्होल्टच्या पार नेऊ शकते. म्हणून जादा ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणारा ब्रेक चॉपर हवाच: वेगळा मॉसफेट, २ ओहम ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि २४.५ला चालू, २३.५ला बंद होणारा कंपॅरेटर. तो मायक्रोकंट्रोलरवर अवलंबून ठेवू नका. कोड डीबगरमध्ये थांबला असतानाही तो चालला पाहिजे. पुरवठ्याच्या तारेत एक डायोड टाका, म्हणजे सप्लायलाही उलटा करंट पोचणार नाही. सप्लायऐवजी (हा डायोड न टाकता) बॅटरी लावली तर ऊर्जा परत घेतली जाते, पण बिघाडाच्या वेळी शेकडो अँपिअर देण्याची तिची तयारी असते. डीसीसाठीचा १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकालाच हवा.

याहून चांगली मांडणी दोन बोर्डांची. दोन सारख्या मोटर एका अक्षावर, दोन्ही बोर्ड एकाच बसवर. एक वेग सांभाळतो, दुसरा उलटा टॉर्क देतो. एकाने ओढलेली ऊर्जा दुसरा बसवर परत टाकतो आणि सप्लायला फक्त तोटे भरावे लागतात. छोट्या सप्लायवर पूर्ण टॉर्कची चाचणी होते, आणि सप्लायचा वॉटमीटर थेट दोन्ही बाजूंचे एकत्र तोटे सांगतो. कार्यक्षमतेचे नकाशे यावर काढता येतात. चॉपर तरीही ठेवायचा, कारण ओढणारा बोर्ड आधी ट्रिप झाला (संरक्षणाने बंद पडला) तर दुसऱ्याची ऊर्जा जायला जागा राहत नाही.

फील्ड वीकनिंग (डी अक्षावर उणा करंट देऊन मूळ वेगाच्या वर जाणं) जपून. या मोटरला मूळ वेगाच्या २० टक्के वर जायला, रेझिस्टन्स सोडून दिला तर, डी अक्षावर उणे ७.७ अँपिअर लागतात. १०च्या मर्यादेत टॉर्कसाठी ६.४च उरतात. त्या वेगाला इन्व्हर्टर ट्रिप झाला तर मोटरचं २६.४ व्होल्टचं बॅक ईएमएफ मॉसफेटच्या डायोडमधून बसवर येतं. ट्रिप झाला म्हणजे सुरक्षित, हा समज इथे मोडतो.

कॅन बसवर एकच खोच आहे: ट्रान्सीव्हरचा शटडाउन आणि १२० ओहमचं टर्मिनेशन हे दोन्ही मायक्रोकंट्रोलरच्या पिनांवर आहेत, कोडमधून चालू करावे लागतात. वायरिंग तपासण्यात दिवस गेला की उत्तर बहुधा इथे असतं. ५०० किलोबिटला आठ बाइटचा संदेश पाव मिलिसेकंदाच्या आसपास घेतो. टॉर्कची आज्ञा दर १० मिलिसेकंदांनी पाठवा आणि ५० मिलिसेकंद संदेश आला नाही तर टॉर्क उतरत्या क्रमाने शून्यावर न्या. मग चालू प्रयोगात केबल उपटून पाहा.

सॉफ्टवेअर: कंपनीचं मोटर कंट्रोल एसडीके (तयार कोडचा संच) आणि वर्कबेंच (त्याची मांडणी करणारा प्रोग्राम) पहिल्या दिवशी मोटर फिरवून देतात, यात शंका नाही. पण त्यातले करंट १६ बिटांच्या पूर्णांकांत असतात, या बोर्डावर अँपिअरमागे साधारण ५४५, आणि गेन भागाकाराच्या दोनच्या घातांसह लिहिलेले. व्होल्ट-अँपिअरमध्ये काढलेला ०.९४ तिथे ओळखूच येत नाही. शिकवण्यासाठी करंट लूप फ्लोटिंग पॉइंटमध्ये विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्यावा. सिंपलएफओसी या मुक्त लायब्ररीत बोर्डाचा आधार आहे, तिचा कोड वाचायला सोपा आहे. एसडीके तुलनेसाठी ठेवावं.

खरं वाहन चालवायचं असेल तर बेंजामिन वेडर यांचा व्हेस्क हा मुक्त कंट्रोलर घ्या. मोटरचे आकडे तो स्वतः शोधतो आणि मोठा करंट पेलतो. शिकवताना मात्र त्याची हीच तयारी आड येते. करंट मापनाचा दर्जा हवा असेल, उदाहरणार्थ ऑब्झर्व्हरवर शोधनिबंध लिहायचा असेल, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरांचा ४८ व्होल्टचा बूस्टरपॅक (जोडबोर्ड) उजवा. त्यात शंट फेजमध्येच आहेत, त्यामुळे वर सांगितलेली अडीच मायक्रोसेकंदांची अडचण येत नाही. त्याचा करंट ७ अँपिअर आरएमएस. ४८ व्होल्टच्या पुढची कुठलीही गोष्ट, आयसोलेशन, प्री-चार्ज, काँटॅक्टर हे या बोर्डावर शिकता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये.

चार विद्यार्थ्यांच्या गटामागे तीन बोर्ड मागवा: दोन मांडणीत, एक सुटा. दोन यूएसबी आयसोलेटर, एक चॉपर, एक डिफरन्शियल प्रोब. सुट्या बोर्डावर आधी चाललेला कोड भरून ठेवा, म्हणजे बिघाड हार्डवेअरचा की कोडचा, हे बोर्ड बदलून पाच मिनिटांत कळतं.